राळ लावणारा माणूस हवा

एवोरा, ३ जून

रीनो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी पोस्टमन आला की गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं तूच आधी उजेडात धरून बघायचास, आणि हे तर तुझ्या नावाचंच आहे.

बाबा ठीक आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण. गुडघा तसाच. रोज सकाळी काठी टेकत रांजणघरात जातात, पाचही रांजणांवर बोटाने टकटक करून कान लावतात आणि शिव्या घालतात. दरवर्षी घालतात, पण यंदाच्या शिव्या खऱ्या आहेत. आतला राळेचा लेप गेला रे. गेल्या हंगामात तिसरा रांजण असा पाझरला की फरशी लाल झाली, आणि चौथ्यातल्या वाईनला मातीचा वास. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत. पहिला पेला संपवला, "छान आहे, एर्मीनियाबाई" म्हणाली आणि दुसरा मागितला नाही. आपल्या अलेंतेजोत माणसं गोड बोलायला लागली की समजावं, गाडं घसरलं.

तेव्हा ऑगस्टअखेर द्राक्षं यायच्या आत पाचही रांजण उतरवून, विस्तवावर पालथे तापवून, आतून नवी राळ फिरवायला हवी. नाहीतर मी भरणार नाही. आणि रांजण रिकामे राहिले तर खानावळ कशाच्या जोरावर चालवू? बाटलीतली विकू? शेजारची लुर्देस म्हणाली, "स्टीलची टाकी घे गं सरळ." बाबा म्हणाले, "आधी मला घाल त्या टाकीत."

राळ फिरवणारे हात आपल्या घरात दोनच माणसांचे. बाबांच्यात आता ताकद नाही. दुसरे तुझे. बाबांचं म्हणणं, "कुणालाही आण, त्याला सोडून." म्हणून मी खानावळीला तीन आठवडे कुलूप लावलं आणि देशभर फिरून राळवाला शोधायला निघाले. तुला बोलवत नाहीये. नीट वाच, बोलवत नाहीये.

तुला एक गोष्ट मात्र सांगायची आहे. बारा वर्षं झाली, राहून गेली आहे. पत्राच्या शेवटी सांगते.

इथे स्टँडसमोर लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात शिळा पाव कुस्करून वर अंडं सोडलेलं खाल्लं. कोथिंबीर कापलेली होती! कापलेली! ती मिठाबरोबर कुटायची असते, हे एवोरासारख्या शहरात सांगावं लागतं. सांगितलं. आतून आचारी बाहेर आला, त्यालाही सांगितलं.

बस लागली. ती गोष्ट आता पुढच्या पत्रात.

तुझी बहीण,
एर्मीनिया


लेइरिया, ६ जून

रीनो,

पाइनची झाडं बघून बघून मान दुखली. इथे राळ झाडावरूनच ओघळते, त्यामुळे माणूस पहिल्याच दिवशी सापडला. अदेलीनो नाव. पन्नाशीचा, विधुर, तीस वर्षं रांजणांना राळ लावतोय. दर हंगामाला आपल्याच भागात येतो म्हणे.

मी त्याची परीक्षा घेतली. राळेत मध किती घालतोस? मेण कधी? ऑलिव्ह तेल ऊन की गार? सगळी उत्तरं बरोबर दिली मेल्याने. मग मी त्याचे हात बघितले. नखं स्वच्छ. आता तूच सांग, तीस वर्षं राळेत हात घातलेल्या माणसाची नखं स्वच्छ कशी? तुझी तर लग्नात सुद्धा काळी होती. मी म्हटलं, नाही जमायचं.

तो म्हणाला, "बाई, तुम्हाला राळ लावून हवी आहे, की खुसपट काढून हवं आहे?"

आगाऊच होता. पण सार्डिन मासे सुंदर भाजले त्याने, हे कबूल करते. खडेमीठ, कोळसा, बाकी काही नाही. मासा पावावर ठेवायचा, म्हणजे तेल पावात उतरतं आणि शेवटी तो पाव खायचा. शेवटचा पाव त्याने मला दिला. तरी नकोच म्हटलं.

आज तो विषय नको. मासे खाल्ले की मला झोप येते.

एर्मीनिया


मियाल्यादा, ८ जून

रीनो,

इथली डुकराची पिल्लं काय वर्णावी! अख्खं पिल्लू सळीवर, आतून लसूण, मिरी आणि चरबीचा मसाला, आणि विटांच्या भट्टीत दोन तास. कातडी अशी कुरकुरीत की शेजारच्या टेबलावरच्याने घास घेतला तर आपल्याला ऐकू येतं. मी तिघांच्या वाटणीचं खाल्लं आणि मग मालकाला बोलावून सांगितलं की मिरी जास्त आहे. तो म्हणाला, आजोबांपासूनचं प्रमाण आहे. मी म्हटलं, मग आजोबांपासून जास्त आहे. बराच वाद झाला. शेवटी त्याने बिलात एक पिल्लाची तंगडी फुकट घातली, म्हणजे जिंकलं कोण ते बघ.

इथली तांबडी वाईन तुरट आहे, जीभ आखडते. पण त्याच द्राक्षाची फेसाळती करतात आणि ती या चरबीवर अगदी बेत जमल्यासारखी बसते. मी मनापासून मान्य केलं. पोऱ्याने बाटलीचं बूच उडवलं, ठॉक्कन आवाज झाला आणि माझ्या हातातला काटा खाली पडला.

तो घाबरला. "काय झालं बाई?"

मग त्याला सांगावं लागलं. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे द्राक्षं रांजणात आंबतात, उकळल्यासारखी. साली वर चढून घट्ट थर धरतात. सकाळ-संध्याकाळ दांड्याने तो चोथा खाली दाबायचा असतो, म्हणजे आतला वायू सुटतो. एक वेळ चुकली की रांजण फुटतो. आमचा फुटला होता. सहावा, सगळ्यांत मोठा, पणजोबांच्या वेळचा. बाराशे लिटर वाईन अंगणातून रस्त्यावर गेली, आणि खापरी बाबांच्या गुडघ्यात घुसली. पोऱ्याने विचारलं, "चूक कुणाची होती?"

मी म्हटलं, हिशेब आण.

तुझ्यावर रागच आहे मला, खरं सांगू का. बाबांनी भर गल्लीत विचारलं, "काल सकाळी दाबलास का चोथा?" आणि तू काय म्हणालास? "मला वाटतं, दाबला होता." वाटतं! असं कुणी बोलतं? माणसाने ठासून सांगावं, छातीवर हात मारून सांगावं. तू ठासून बोलला असतास तर बाबांनी तुला "माझ्या रांजणाला पुन्हा हात लावायचा नाही" असं म्हटलंच नसतं. मग त्यांना आणखी कुणाकडे तरी बघावं लागलं असतं.

तू आठवड्याच्या आत पिशवी उचललीस आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलास. इतकं लांब कुणी जातं का रे?

पोट जड झालंय. पुरे.

एर्मीनिया


मिरांदेला, १३ जून

रीनो,

इथे येताना दोउरो नदीच्या काठाने आले. डोंगरांना पायऱ्या कापून द्राक्ष लावलंय, बघूनच कंबर दुखते. आगगाडीत एकाने पोर्ट वाईन पाजली. गोड. म्हाताऱ्या आत्यांना चालेल.

इथलं सॉसेज प्रसिद्ध आहे. दिसायला डुकराचं, आत कोंबडी, पाव आणि लसूण. खानावळवाली म्हणाली, जुन्या काळी, डुक्कर न खाणाऱ्या यहुदी लोकांनी काढलं हे. दारात डुकराचं सॉसेज टांगलेलं दिसलं नाही तर चर्चचे चौकशीवाले घेऊन जायचे आणि जाळायचे, म्हणून असं खोटं टांगायचे. खोटं टांगलं म्हणून जीव वाचला.

मी अर्धंच खाल्लं. त्यांच्या जिवावर बेतलं होतं. मी कशासाठी टांगून ठेवलं होतं?

या भागात रांजण नाहीत, राळवाले नाहीत, हे मला घरून निघतानाच ठाऊक होतं. अदेलीनोचा पत्ता मी फेकलेला नाही. त्याच्या नखांत काही खोट नव्हती.

मी तुझ्याच दिशेने येत होते.

एर्मीनिया


मोंसांव, १६ जून, दुपार

रीनो,

तू आत्ता जिथे काम करतोस तिथून मी दोनशे पावलांवर बसले आहे. चौकातल्या खानावळीत, दाराजवळच्या टेबलावर. सकाळी आले. थेट तुझ्याकडे येणार होते, पण म्हटलं आधी काहीतरी खाऊन घेऊ. मला भूक नव्हती. घाबरले की मी खायला बसते, हे तुला माहीत असेल. मला या दोन आठवड्यांत कळलं.

पांढऱ्या वाडग्यात तांबडी वाईन आणली त्यांनी, आंबट, जांभळी, वाडग्याला रंग धरणारी. शेजारी एक म्हातारी बाई कोबीचं सार भुरकत होती. मी सारात पाव कुस्करला तशी म्हणाली, "दक्षिणेची का गं तू? पावाशिवाय घास उतरत नाही तुम्हाला."

मी म्हटलं, हो.

"आमच्या वाईनघरातही एक आहे दक्षिणेचा. सेव्हेरीनो. त्याची बहीण त्याला पत्रं लिहिते, खाण्याची! दुपारी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतो आम्हाला. अगं, त्या लेइरियावाल्याच्या नखांवर आम्ही दोन दिवस हसलो. आणि ते मिरी जास्त, आजोबांपासून जास्त! परवा त्याने वाचायचं थांबवलं तर मुकादम म्हणाला, वाच रे, पुढे काय खाल्लं तिने?"

किटेरिया मावशी. तुझ्या शेजारी बसून लेबलं लावतात. मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. मला इतकं बरं वाटलं होतं, की तू वाचतोस, हसतोस. मी आणखी एक वाडगा मागवला.

मग त्या म्हणाल्या, "पण माणूस सोन्यासारखा. जीभ तर अशी, की घोट घेऊन कुठल्या उतारावरचं द्राक्ष ते सांगेल. मालक नऊ वर्षं मागे लागलाय, वाईनघर तू सांभाळ म्हणून. घेत नाही. म्हणतो, माझ्यावर विसंबू नका, मी झोपेतला माणूस आहे. माझ्या हातून एकदा रांजण फुटला, बापाचा पाय गेला. रोज निघायच्या आधी प्रत्येक टाकीची तोटी तीन-तीनदा बघतो गं. बायको दारात ताटकळत उभी असते."

रीनो, मला वाटत होतं तू रागावला आहेस. बारा वर्षं मी हेच धरून चालले होते, की तुला माहीत आहे तू दाबला होतास, आणि आपल्यावर खोटा आळ आला म्हणून तू रुसून गेलास. रागावलेल्या माणसाला मी सहन करू शकते. आपलं घरच रागावलेल्या माणसांचं आहे. पण तुला ते खरं वाटतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तू खरंच धरून बसलास की बाबांचा पाय तुझ्यामुळे गेला.

आता ऐक.

आपण दाबून झालं की रांजणावर खडूची रेघ ओढायचो. सकाळची तुझी, संध्याकाळची माझी. त्या दिवशी संध्याकाळी लुर्देसच्या मुलीचं लग्न होतं. मी नवा पांढरट झगा घातला होता, चाळिशीची घोडी मी, पहिल्यांदा शिंप्याकडून शिवून घेतलेला. पाच रांजण दाबले. सहाव्यापाशी आले तर चोथा अगदी काठापर्यंत वर आलेला. दांडा घातला की लाल शिंतोडे उडणार हे दिसत होतं. बाहेरून लुर्देस हाका मारत होती. मी म्हटलं, येऊन दाबते, आणि विसरू नये म्हणून... नाही, हेही खोटं. कुणाला कळू नये म्हणून रेघ ओढली. मग नाचले, जेवले, घरी येऊन झग्यातच झोपले. सकाळी सहाला फुटला.

रांजणाच्या तुकड्यावर दोन रेघा होत्या. बाबा म्हणाले, यातली एक खोटी आहे. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी मोठी, मी खानावळ चालवणारी, मी चुकत नाही. तू चोथा दाबायच्या आदल्या रात्री उशिरा घरी आला होतास, सकाळी डोळे तारवटलेले. तू म्हणालास, "मला वाटतं, दाबला होता." मी तिथेच उभी होते. माझ्या झग्यावर एक डाग नव्हता.

तोंड उघडायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, बाबांचा पाय बरा होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, तू परत आलास की सांगू. पुढे पुढे तर मी गिऱ्हाइकांना सांगताना सुद्धा म्हणायला लागले, "भावाकडून चुकलं." इतकं बोलले की तोंडाला सवय झाली.

तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं. तू दाबला होतास. मला खात्री आहे, कारण संध्याकाळी सहावा सोडून बाकीचे मी दाबले तेव्हा प्रत्येकाचा चोथा मधोमध फोडलेला होता, तू फोडतोस तसा, आणि सहाव्याचाही तसाच होता. मी बघितला होता. बघून निघून गेले.

माफी मागते. पण माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ.

हे पत्र किटेरिया मावशींच्या हाती देते आहे. जेवताना वाच, मागच्यांसारखंच मोठ्यानं, सगळ्यांसमोर. एक ओळ गाळायची नाही. त्यांनी तुझ्या तोंडून ऐकलंय की रांजण तुझ्याकडून फुटला. आता माझ्या तोंडून ऐकू देत.

मी इथेच बसले आहे. दोन वाजता समोरच्या स्टँडवरून बस आहे. नाही आलास तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी जाईन.

एर्मीनिया


घर, २४ जून

रीनो,

स्टँडवर तू आलास तेव्हा मी उठून उभी राहिले, पर्स खाली पडली, नाणी सगळीकडे. तू ती उचललीस. किती पांढरा झालास रे कानांपाशी! मला वाटलं तू ओरडशील, मी तयार होते. तू एवढंच विचारलंस, "बाबांना सांगितलंस?"

मी म्हटलं, नाही.

"मग मला काय सांगतेस? आधी तिथे सांग." आणि नाणी माझ्या हातात ठेवून गेलास. पूर्ण रस्ताभर मी बसमध्ये तुला शिव्या घातल्या आणि पोर्तो येईपर्यंत रडले. शेजारच्या माणसाने मला केक दिला. कोरडा होता. त्याला काही बोलले नाही, यावरून समज माझी काय अवस्था होती ते.

सांगितलं. रविवारी दुपारी सांगितलं, खानावळ उघडून, सगळी टेबलं भरलेली असताना. बाबांनी तुला भर गल्लीत विचारलं होतं, तेव्हा मी चार भिंतींत कुजबुजणं बरं दिसलं नसतं. लुर्देस होती, पाद्री होते, पेट्रोलपंपवाला होता. मी हातातला पातेल्याचा डाव सुद्धा खाली ठेवला नाही. म्हटलं, सहावा रांजण माझ्यामुळे फुटला, खोटी रेघ माझी होती, सेव्हेरीनोची खरी होती, झग्याला डाग पडेल म्हणून मी दाबला नाही. पेट्रोलपंपवाल्याने टोपी काढली, का ते त्यालाच माहीत.

बाबा ताटावरून उठले. काठी घेतली नाही. भिंत धरत रांजणघरात गेले आणि दार लावून घेतलं.

त्याला आता तीन दिवस झाले. माझ्या हातचं जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असेल तर लुर्देसला घरून बोलावतात. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. दोघी-तिघी मला बघून रस्ता बदलतात. मी नाही बदलत. बाजारात मधोमध चालते, टोपली काखेत मारून. लाज वाटते, भरपूर वाटते, पण बारा वर्षांत पहिल्यांदाच मला रात्री झोप लागते आहे, हे तुझ्यापासून काय लपवू.

आज सकाळी बाबांनी हाक मारली. "कागद घे." मी घेतला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते आहे:

"सेव्हेरीनो. मी बोलतोय, ही फक्त लिहिते आहे. हिचं काय करायचं ते मी बघेन, तू मध्ये पडू नकोस. गल्लीतल्या चौघांना लावून मी पाचही रांजण उतरवून घेतले आहेत. अंगणात पालथे आहेत. लाकूड आणलंय, ओकचं, सुकलेलं. तू आलास तर विस्तव पेटेल. नाही आलास तर पालथेच राहतील, दुसऱ्या कुणाचा हात मी लावू देणार नाही. तुझं जेवणखाण, बायकोचं सामान, जे काय असेल ते इथे ठेवायला जागा आहे."

मग थांबले. मी विचारलं, झालं? म्हणाले, "पेन इकडे दे." त्यांचा चष्मा मोडलाय, त्यामुळे ओळ वर गेली आहे. खालचं अक्षर त्यांचं आहे.

पोरा चोथा कसा फोडायचा ते मी तुला शिकवलं तू सहा वर्षांचा असताना स्टुलावर उभा करून. तो हात चुकणारा नाही हे मला त्या दिवशीही माहीत होतं. गुडघ्यातून रक्त चाललं होतं आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तू जवळ होतास. मी चुकलो.